पूर्वजांचे खरे काम



बंदुका घडविणारा म्हणून नाव झालेल्या एका परदेशी माणसाची हकीकत आज मी तुम्हांला सांगणार आहे. त्याचे नाव मार्टिन मायलिन.

मायलिन मूळचे स्वित्झर्लंडचे, पंथाने मेनोनाइट. हे ख्रिस्ती लोक माणसावर शस्त्र उचलणे पाप मानतात. शिकारीची बंदूक मात्र त्यांना वर्ज्य नव्हती. श्रद्धेपायी त्यांचा स्वदेशी छळ झाला आणि अनेकांना घरदार सोडावे लागले. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. तिचे संस्थापक विल्यम पेन यांनी तेथे धर्मस्वातंत्र्य दिले होते. १७१० साली मेनोनाइट कुटुंबांची एक तुकडी आजच्या लँकेस्टर परगण्यात येऊन वसली. तीत मायलिन होते.

पुढे याच भागात एक नामांकित रायफल बनू लागली. जर्मन बोलणाऱ्या कारागिरांनी आपली आखूड रायफल जंगलातील शिकारीसाठी बदलली. नळी लांब केली, गोळी लहान केली. त्यामुळे शिसे आणि दारू कमी लागे. नळीच्या आत पिळदार खाचा असत, म्हणून गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाई. हीच पुढे ‘केंटकी रायफल’ म्हणून गाजली. ती प्रथम मायलिन यांनी घडविली, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. एक जुनी दगडी इमारत त्यांचे बंदुकांचे दुकान म्हणून दाखविली जाई. एका शाळेलाही त्यांचे नाव दिले गेले.

२००५ साली मिलर्सव्हिल विद्यापीठाच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी त्या जागी उत्खनन केले. लोहारकामाच्या खुणा सापडल्या. बंदूक बनविल्याचा पुरावा मात्र सापडला नाही.

मित्रांनो, कोणी मुद्दाम खोटे बोलले असे यावरून ठरत नाही. पण एकाच नावाचा गौरव करताना ती रायफल घडविणारे कितीतरी कारागीर मागे पडले. आपल्याकडे हदीस जमविणारे विद्वान प्रत्येक वचनाला विचारीत, ‘हे तुला कोणी सांगितले? त्याला कोणी सांगितले?’ इमाम बुखारींनी त्यासाठी दूरदूरचे प्रवास केले. मग आपल्या घराण्याच्या गोष्टी आपण न तपासता का सांगाव्यात?

एक अनुभव सांगतो. प्रवेशाच्या अर्जात एका मुलाने वडिलांचा व्यवसाय ‘व्यापार’ असा लिहिला होता. वडील वेल्डिंगचे काम करतात, हे मला ठाऊक होते. मी विचारले तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, “सर, आमचे पणजोबा सरदार होते.”

पालकहो, त्या मुलाला ही लाज कोणी शिकविली? आपणच ना? घरात सरदारकीच्या गोष्टी होतात. पण बाप दिवसभर ठिणग्यांसमोर बसून फी भरतो, ही गोष्ट होत नाही. त्या जागेवरून बंदूक गेली, तरी लोहाराची भट्टी उरली. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, दाराची बिजागरी यांवाचून कोणती वसाहत उभी राहिली असती?

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर वडिलांना, आजोबांना त्यांचे काम कसे चालते ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी अर्ज भराल, तेव्हा त्या रकान्यात खरे काम लिहा, आणि ठळक अक्षरांत लिहा.