श्वासावाटें येणारें विष

एरंडेल ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळाच. परंतु ज्या एरंडीपासून हें औषधी तेल निघतें, तिच्यांतच रिसिन नांवाचें एक जहाल विष असतें. तें तेलांत उतरत नाहीं, पेंडींत राहतें. १८८८ सालीं डॉर्पाट येथें स्टिलमार्क यांनीं तें वेगळें काढलें. हें विष पोटांत जाण्यापेक्षां श्वासावाटें फुप्फुसांत जाणें पुष्कळच अधिक घातक होय. १९९७ सालीं अमलांत आलेल्या रासायनिक शस्त्रबंदीच्या करारांत त्याचा नांवानिशीं उल्लेख आहे.

रिसिनाच्या रेणूचे दोन भाग असतात. एक पेशीच्या पृष्ठभागास चिकटतो. दुसरा आंत शिरून, जेथें प्रथिनें घडतात तीं रायबोसोम नांवाचीं केंद्रें निकामी करतो. अशा रीतीनें पेशी मरूं लागल्या, म्हणजे फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडतो.

या विषावर उपाय शरीरांतच निर्माण होऊं शकतो, हें १८९१ सालीं पॉल एर्लिख यांनीं दाखविलें. त्यांनीं उंदरांना रिसिनाची मात्रा थोडी थोडी वाढवीत खाऊं घातली. पुढें ते उंदीर एरवीं प्राणघातक ठरणारी मात्राहि पचवूं लागले. कारण त्यांच्या रक्तांत प्रतिविष उत्पन्न झालें होतें. मात्र गुंजेच्या विषापुढें तेच उंदीर टिकले नाहींत. ज्या विषाचें प्रतिविष, त्याच विषावर तें चालतें.

मनुष्यास प्रत्यक्ष विष टोंचणें अर्थातच शक्य नव्हतें. अमेरिकेंतील डल्लास येथें एलेन व्हिटेटा यांनीं रिसिनाच्या मारक भागांतील दोन अमिनो आम्लें बदलून तो निरुपद्रवी केला व त्याची लस बनविली. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चांचणींत १५ स्वयंसेवकांना ती टोंचण्यांत आली. सर्वांत मोठी मात्रा घेतलेल्या पांचहि जणांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें आढळलीं. २०१५ सालच्या प्रयोगांत लस टोंचलेल्या १२ माकडांना रिसिनाचे सूक्ष्म तुषार हुंगविले. तीं सर्व वांचलीं. लस न टोंचलेलीं मात्र दगावलीं.

लस न घेतलेल्यांसाठीं तयार प्रतिद्रव्यें शिरेंतून देतां येतात. परंतु येथें खरा प्रश्न वेळेचा आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, विष हुंगल्यावर ४ तासांनीं प्रतिद्रव्य दिलेलीं माकडें वांचलीं. १२ तासांनीं दिलेल्यांपैकीं बहुतेक मेलीं. प्रतिद्रव्य विषाला पेशीबाहेरच धरूं शकतें. विष आंत शिरून घात करून चुकलें, कीं त्याचा इलाज चालत नाहीं. आणि लक्षणें दिसूं लागण्यास तर कित्येक तास जातात.

यास्तव सैनिक व प्रयोगशाळांतील कामगार यांच्यासाठीं लसच श्रेयस्कर. कारण तहान लागल्यावर विहीर खणण्यास येथें अवधि नसतो. इतरांचा जीव मात्र विषाची ओळख किती लवकर पटते आणि प्रतिद्रव्याची कुपी किती जवळ आहे, यावरच अवलंबून राहील.