बोलकी पाटी आणि दृष्टिहीनांचा वाचनाचा हक्क



ज्या घरात एक माणूस दृष्टिहीन आहे, त्या घरात त्याच्या नावाने आलेले पत्र कोण वाचतो, याचा आपण कधी विचार केला आहे काय? पत्र त्याचे असते. पण ते प्रथम दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाते. वाचणारा कामात असला तर ते दोन दिवस तसेच पडून राहते. वाचणाऱ्याला कंटाळा आला तर निम्माच मजकूर सांगितला जातो. बँकेत किती शिल्लक आहे, हे खातेदाराच्या आधी शेजाऱ्याला कळते. यात कोणाची दुष्टबुद्धी असतेच असे नाही. परंतु दुसऱ्याच्या सवडीने मिळणारे ज्ञान हा उपकार होतो, हक्क होत नाही. आणि उपकारावर जगणाऱ्याचा स्वाभिमान दिवसेंदिवस कसा झिजतो, हे आपणांस मी वेगळे सांगावयास नको.

म्हणून आज मी आपणांपुढे एका साध्या वस्तूविषयी बोलणार आहे. तिला बाजारात टॅबलेट म्हणतात. मी तिला बोलकी पाटी म्हणतो. दहा हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या अँड्रॉइड टॅबलेटमध्येही पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी योजना बहुधा असतेच. तिचे नाव टॉकबॅक. तिच्यासाठी वेगळा पैसा पडत नाही. ती २००९ सालापासून अँड्रॉइडवर उपलब्ध आहे. तरीही ती आपल्या हातातील यंत्रात आहे, हे असंख्य घरांना ठाऊक नाही.

तिची रीत अशी. बोट पडद्यावरून फिरविले की बोटाखाली जे असेल त्याचे नाव ऐकू येते. बोट उजवीकडे झटकले की पुढची गोष्ट, डावीकडे झटकले की मागची. हवी ती गोष्ट ऐकू आली की पडद्यावर कोठेही लागोपाठ दोनदा टिचकी मारावी, ती उघडते. दोन बोटांनी पडदा सरकतो. पहिले आठ दिवस हे अवघड वाटेल. पुढे बोटांना सवय होते. घरातील डोळसांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ही योजना चालू असता एका टिचकीने काही उघडत नाही. पाटी बिघडली असे समजून ती बंद करू नका.

आता खरेदीविषयी. पाटी स्वस्त घ्या, परंतु पारखून घ्या. आणि जो वापरणार आहे त्याला दुकानात बरोबर न्या. आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबली असता अनेक यंत्रांत टॉकबॅक सुरू होते. तसे न झाल्यास ते सेटिंगमधून सुरू करावयास सांगा. बोलणे बोटाच्या मागे रेंगाळत असेल तर ती पाटी परत ठेवा. दोन जीबी स्मृतीची यंत्रे येथेच अडखळतात; चार जीबी असलेली बरी. प्रणालीची आवृत्ती फार जुनी नसावी, नाहीतर बँकेचे ॲप चालणार नाही. कानात घालावयाच्या यंत्राची सोय अवश्य पाहा. कारण खात्याची शिल्लक आणि बँकेचा गुप्त क्रमांक चारचौघांत मोठ्याने बोलला जाऊ नये. मराठी आवाज एकदा उतरवून घेतला की तो इंटरनेट नसतानाही वाचतो.

ही पाटी सर्व काही वाचते, असे मात्र मी म्हणणार नाही. पुस्तकाच्या पानांचे नुसते छायाचित्र काढून फाईल केली असेल, तर तिला त्यात अक्षर सापडत नाही. ते प्रथम दुसऱ्या साधनाने ओळखून घ्यावे लागते, आणि हस्ताक्षरापुढे ते साधनही पुष्कळदा हात टेकते. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात मराठी मजकूर केला असेल, तर कानी निरर्थक अक्षरांची खिचडी पडते. आपल्यापैकी जे संस्थांची पत्रके काढतात, सूचना लिहितात, त्यांना माझे सांगणे आहे की, मजकूर युनिकोडमध्ये करा आणि चित्र न पाठविता अक्षरे पाठवा. यास एक पैसाही लागत नाही. तसेच मुलाला पाटी मिळाली म्हणून त्याचे ब्रेल सोडवू नका. कानाने शब्द कळतो. ऱ्हस्वदीर्घ आणि जोडाक्षर बोटाने वाचल्यावरच पक्के होते.

आणि ही कोणाच्या दयेची गोष्ट नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक प्रमाणित आहे, अशा विद्यार्थ्यांना १८ वर्षे वयापर्यंत पुस्तके व योग्य साहाय्यक साधने विनामूल्य देण्याची तरतूद त्याच्या कलम १७ मध्ये आहे. माहिती सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात असावी, यासाठी शासनाने उपाय योजावेत, असे कलम ४२ सांगते. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. तेव्हा शाळेत व कार्यालयात तोंडी विनंती करून परत येऊ नका. कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तो अर्ज, शक्य असेल तर, ज्याचा हक्क आहे त्यानेच आपल्या पाटीवर लिहावा.

शेवटी एक गोष्ट घरातल्या घरातील सांगतो. पुष्कळ घरी अशी पाटी येते आणि चार दिवसांत डोळस मुलांच्या खेळात व सिनेमांत गुंतते. ज्याच्यासाठी आणली तो कोपऱ्यात बसून दुसऱ्याची करमणूक ऐकत राहतो. अंध मुलीच्या वाट्याला तर ती बहुधा येतच नाही. हिला कशाला हवी, असे घरचेच म्हणतात. शासनाकडे न्याय मागणाऱ्याने प्रथम आपल्या घरात न्याय केला पाहिजे. पाटी ज्याची त्याच्या हाती द्या, तिचा गुप्त क्रमांक त्याचा त्याला ठेवू द्या, आणि तो चुकत चुकत शिकत असता, ‘दे इकडे, मी करून देतो’ असे म्हणण्याचा मोह आवरा. ज्या दिवशी तो आपले पत्र आपण वाचील आणि त्यातले किती सांगावयाचे हे स्वतः ठरवील, त्या दिवशी आपले पैसे कारणी लागले असे समजा.