दोघी कॉर्नेलिया



मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा लहानपणीच सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. आज त्यातलीच एक गोष्ट सांगतो.

प्राचीन रोममध्ये कॉर्नेलिअस हे बडे कुळ होते. इ. स. पूर्व २०२ मध्ये झामाच्या लढाईत हॅनिबलला हरवणारा सेनापती याच कुळातला. पब्लिअस हे त्याचे स्वतःचे नाव, कॉर्नेलिअस कुळाचे, स्किपिओ शाखेचे. विजयानंतर ‘आफ्रिकानस’ हे चौथेही मिळाले. आणि त्याच्या दोन मुली? थोरलीचे नाव कॉर्नेलिया. धाकटीचे? तेही कॉर्नेलियाच! कुळाचे नाव स्त्रीलिंगी केले की मुलीचे बारसे उरकले. घोटाळा होऊ नये म्हणून ‘थोरली’, ‘धाकटी’, ‘तिसरी’ असे म्हणत. पुढे ज्युलिअस सीझरची एक बायको कॉर्नेलिया, पाँपीची शेवटची बायकोही कॉर्नेलिया. लग्नानंतर नाव बदलत नसे, हे खरे. पण ते मुळातच बापाच्या कुळाचे.

धाकटी ग्राकस घराण्यात दिली. बारा मुले झाली, तीनच वाढली : टायबेरिअस, गायस आणि एक मुलगी. तिचे नाव सेम्प्रोनिया, कारण बापाचे कुळ सेम्प्रोनिअस.

इ. स. पूर्व १३३ मध्ये टायबेरिअस लोकांचा ट्रिब्यून झाला. सरकारी जमिनी धनिकांनी बळकावल्या होत्या. ५०० युगेरा, म्हणजे सुमारे ३०० एकर, यावरची जमीन काढून गरिबांना वाटावी, असा कायदा त्याने केला. तेव्हा सीनेटमधले लोक बाकांचे मोडके पाय घेऊन धावले आणि त्याला ठार केले. प्रेत टायबर नदीत फेकले. त्या जमावाचा पुढारी कोण? स्किपिओ नासिका, थोरल्या कॉर्नेलियाचा मुलगा, टायबेरिअसचा मावसभाऊ! बहिणींचे नाव एक, कुळ एक. पण जमिनीचा प्रश्न आला तेव्हा मुले समोरासमोर उभी राहिली. इ. स. पूर्व १२१ मध्ये गायसचाही तसाच अंत झाला.

धाकटीची पत्रे आपण वाचल्याचे सिसेरोने लिहून ठेवले आहे, म्हणजे ती लिहिणारी बाई होती. तिचा पुतळाही उभारला गेला. त्याचा चौथरा १८७८ साली रोममध्ये सापडला. त्यावर काय कोरले आहे? कॉर्नेलिया, आफ्रिकानसची मुलगी, ग्राकसांची आई. एवढेच. थोरलीच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

हे वाचताना मला आमची वर्गणीची वही आठवली. एकदा मी एका कामगार बाईच्या नावापुढे ‘अमक्याची आई’ असे लिहिले होते. ती म्हणाली, “भाऊ, वर्गणी माझ्या पगारातली, मग नाव माझं का नाही?” मी ओळ खोडली आणि तिचे नाव लिहिले. तिने वही परत तपासली, मगच पैसे दिले.

कॉर्नेलियांना ती ओळ खोडून घेता आली नाही. आपल्या वह्या मात्र अजून आपल्या हातात आहेत.