नागपुरी म्हैस आणि तिचीं लक्षणें

शहरांत ज्यांच्या दारीं रोज दुधाचा रतीब येतो, त्यांना म्हशीच्या शिंगांशीं काय कर्तव्य, असें पुष्कळांना वाटेल. परंतु जनावराची जात कोणत्या खुणांनीं ओळखावयाची, हें एकदां ठरलें कीं कोणता रेडा पैदाशीला ठेवावयाचा हेंहि ठरतें, आणि कालांतरानें त्याचाच परिणाम चरवींतल्या दुधावर होतो.

नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला या टापूंतील म्हैस पुस्तकांतून 'नागपुरी' या एकाच नांवाखालीं वर्णिली जात असे. वऱ्हाडी, एलिचपुरी, पूर्णाथडी हीं तिचींच स्थानिक नांवें समजलीं जात. लक्षणें ठरलेलीं होतीं: रंग काळा, क्वचित् तोंडावर, पायांवर किंवा शेपटीच्या गोंड्याला पांढरा ठिपका, चेहरा लांब व निमुळता, शेपूट आंखूड, आणि शिंगें लांब, चपटीं, तरवारीसारखीं मानेच्या दोहों बाजूंनीं खांद्यांकडे वळलेलीं. शिंगांचें एवढें कौतुक कां? बाजारांत उभ्या असलेल्या म्हशीचें दूध दिसत नाहीं, शिंग दिसतें, हेंच त्याचें कारण असावें.

पूर्णेच्या थडीला, म्हणजे नदीकांठच्या गांवांतून, मात्र निराळी म्हैस नांदत होती. तिचा रंग फिकट तपकिरी, कधीं पांढुरका; म्हणून ती 'भुरी'. काळ्या रंगाच्या कसोटीला लावली तर ही बिचारी सदोष नागपुरी ठरावयाची! पाळणाऱ्याची कसोटी वेगळी होती. ती साध्या चाऱ्यावर भागवी, वेळच्या वेळीं गाभण राही, आणि तिच्या दुधांतील स्निग्धांश आठ टक्क्यांहूनहि अधिक भरे.

पुढें शहरें वाढलीं आणि दुधाचें मोल लिटरवर होऊं लागलें. तेव्हां जिलबीसारख्या वळलेल्या शिंगांची, हरियाणाकडील मुऱ्हा म्हैस श्रेष्ठ मानली गेली, आणि तिच्या रेतनानें स्थानिक म्हशी 'सुधारण्याचे' प्रयत्न झाले. दूध वाढावें हा हेतु वाईट नव्हता. पण विदर्भाचा उन्हाळा आणि कोरडवाहू शेतकऱ्याची वैरण हीं दोन्ही त्या हिशेबांत पुरेशीं धरलीं गेलीं नाहींत. ओझें ओढणाऱ्या नागपुरी रेड्याची किंमतहि यांत्रिक वाहनांपुढें उतरली. आज म्हशीच्या दुधाचा भाव ठरवितांना स्निग्धांश मोजला जातो, त्यामुळें भुरीच्या दुधाचा गुण पुन्हां पैशांत दिसूं लागला आहे.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें १९८४ पासून देशी जातींचें काम चालविलें आहे. २०२३ च्या आरंभीं जाहीर झालेल्या नव्या नोंदींत 'पूर्णाथडी' ही स्वतंत्र जात म्हणून आली. त्याच यादींत पूर्व विदर्भांतील कठाणी गाईचेंहि नांव आहे. अशी फारकत केवळ येथेंच झाली असें नाहीं. अमेरिकेंत लोकरीसाठीं पाळल्या जाणाऱ्या अँगोरा सशांचेहि १९४४ सालीं इंग्लिश आणि फ्रेंच असे दोन प्रकार वेगळे काढण्यांत आले.

नोंदीनें भुरी म्हैस सदोष राहिली नाहीं. तिचा तपकिरी रंग हेंच आतां तिचें लक्षण झालें. पण थडीच्या ज्या गांवांत जातिवंत भुरा रेडा उरला नाहीं आणि त्याचें रेतनहि मिळत नाहीं, तेथें म्हैस माजावर आली कीं मालक जें हाताशीं असेल तेंच घेणार, आणि तें बहुधा मुऱ्हाचें असतें.