दुष्काळ कोठून दिसतो?

(जालना येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९७२ या सालाचा अर्थ मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. विहिरी आटल्या, जनावरे दावणीवरून सुटली आणि लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर उभी राहिली. त्याच वर्षी २३ जुलै रोजी अमेरिकेने जमिनीच्या निरीक्षणासाठी एक नागरी उपग्रह अवकाशात सोडला. अशा प्रकारचा तो जगातील पहिलाच उपग्रह होता. ‘लँडसॅट’ या नावाने तो पुढे ओळखला गेला. दर अठरा दिवसांनी तो पृथ्वीच्या त्याच भागावर परत येत असे. दुष्काळ आणि दुष्काळ पाहू शकणारा डोळा यांचा जन्म असा एकाच पावसाळ्यातला. त्या वेळी खडी फोडणाऱ्याला त्या डोळ्याची वार्ता नव्हती. आज मात्र त्याच्या वारसाचे मदतीचे दिवस ठरविण्यात या डोळ्याचा वाटा आहे. म्हणून हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. तो राजकीय अर्थशास्त्राचा झाला आहे.

उपग्रहाचे चित्र म्हणजे साधे छायाचित्र नव्हे, ही गोष्ट प्रथम समजून घेतली पाहिजे. जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश तो वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतो. त्यांतील एक पट्टा माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. निरोगी हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवते. पान सुकू लागले की हा फरक कमी होतो. या फरकावरून जो आकडा काढतात त्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. भारतात या विद्येची सुरुवात अगदी आपल्या मातीतल्या प्रश्नाने झाली. १९७० साली पिशारोटी यांनी केरळातील नारळाच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून अवरक्त चित्रे घेऊन झाडांचा रोग टिपला. विक्रम साराभाईंनी अवकाश संशोधनाचे समर्थन केले तेही अशा सामाजिक उपयोगाच्या भूमिकेवरून. १९७९ पासून हैदराबादच्या केंद्रात लँडसॅटची चित्रे थेट मिळू लागली आणि १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा आपला स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह कक्षेत गेला.

आता या डोळ्याची नजर किती बारीक आहे हे शेतकऱ्याच्या मापाने पाहू. पहिल्या लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका सुमारे ऐंशी मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे दीड एकराहून थोडा मोठा होता. आयआरएस-१ए च्या पहिल्या कॅमेऱ्याचा ठिपका साडेबहात्तर मीटरचा, म्हणजे एक एकर बारा गुंठ्यांच्या आसपास होता. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दहा मीटरचा ठिपका देतात. दहा मीटर गुणिले दहा मीटर म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! शेतकऱ्याच्या परिचयाचे लहान माप आणि या चित्रांतील सर्वांत लहान चौकोन आज एकमेकांना येऊन भिडले आहेत. ही चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात आणि विनामूल्य मिळतात.

या चित्रांत जालना जिल्हा कसा दिसतो? उपग्रहाला जिल्हा दिसत नाही. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परभणीच्या परतूर भागातून तो वेगळा काढला गेला, ही रेघ कागदावरची. आकाशातून दिसते ती उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगेची किनार, भोकरदन-जाफराबादकडील पूर्णेचे खोरे, मधून वाहणारी दुधना आणि दक्षिणेची सीमा आखणारी गोदावरी. बेसॉल्ट खडकाच्या माथ्यावरची मुरमाड, फिकी जमीन आणि नदीकाठची खोल काळी जमीन यांतला फरक चित्रात स्पष्ट उमटतो. हा फरक केवळ भूगर्भाचा नाही. कोणाच्या वाट्याला माथा आला आणि कोणाच्या वाट्याला काठ, हा या प्रदेशाच्या समाजरचनेचा इतिहास त्यात दडलेला आहे.

या निसर्गावर माणसाने ज्या रेघा ओढल्या त्याही तितक्याच ठळक आहेत. जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरकडे जातो आणि त्याच्या बाजूने उसाचा हिरवा पट्टा दिसतो. जालना शहराभोवती लोखंडाच्या कारखान्यांच्या पत्र्यांचे चौकोन चमकतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग जालना-बदनापूरच्या शेतांना छेदत गेलेला दिसतो. आणि सर्वांत नवे दृश्य म्हणजे प्लास्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यांचे असंख्य लहान निळे चौकोन.

या निळ्या चौकोनांपाशी थोडे थांबले पाहिजे. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव राज्यभर ख्यात आहे. १९९०च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली. त्यानंतर द्राक्षबागा आल्या, शेकडो शेततळी आली, आणि २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात, जेव्हा जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा सरपणाला निघाल्या, तेव्हाही हे गाव तगून राहिले. आकाशातून पाहणाऱ्याला कडवंचीची हिरवाई दिसते आणि तळी दिसतात. पण बांधावर बांध घालताना गावाने सामुदायिक शिस्तीने जे काम केले ते दिसत नाही. मग अनुकरण होते ते तळ्यांचे. शेततळ्यात साठलेले पाणी पावसाचे वाहून आलेले की कूपनलिकेने सामायिक भूजलातून उपसून भरलेले, हे चित्र सांगत नाही. पहिल्या प्रकारात नवे पाणी निर्माण होते. दुसऱ्यात सर्वांच्या पोटातले पाणी एकाच्या नावावर उघड्यावर येते आणि उन्हाने उडूनही जाते. निर्देशांकाच्या लेखी मात्र दोन्ही तळी सारखीच निळी असतात. उपग्रहाला पाणी दिसते, पाण्याची मालकी दिसत नाही.

हाच प्रश्न दुष्काळ जाहीर करताना तीव्र होतो. पूर्वी हा निर्णय पैसेवारीवर अवलंबून असे. गावात पिकाचा अंदाज घ्यायचा आणि तो पन्नास पैशांखाली गेला की टंचाई मानायची, ही ब्रिटिश अमदानीपासूनची रीत. तिच्यात वशिल्याला वाव होता आणि अंतिम आकडा येईपर्यंत हंगाम संपलेला असे. ११ मे २०१६ रोजी स्वराज अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला दुष्काळाची नियमावली सुधारण्याचा आदेश दिला. त्या वर्षीच्या नव्या नियमावलीत पावसाची तूट, उपग्रहाचा वनस्पती निर्देशांक, जमिनीतील ओल, पेरणी आणि जलसाठे अशा शास्त्रीय कसोट्या आल्या. वशिल्याच्या जागी मोजमाप आले, ही प्रगतीच होय. तिचा उपहास करण्याचे कारण नाही.

परंतु २०२३ साली काय झाले ते पाहावे. देशातील १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या वर्षी गेला. ३१ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत जालना जिल्ह्यातील भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा हे पाच होते. जाफराबाद, परतूर आणि घनसावंगी हे तीन नव्हते. जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलातील सवलत, मुलांची परीक्षा शुल्कमाफी हे सारे या यादीवर अवलंबून असते. तालुक्याच्या सीमेवर बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांपैकी एक दुष्काळात आणि दुसरे सुकाळात, असा तो हिशेब झाला. राज्यभर असंतोष उसळला. नोव्हेंबरात पावसाच्या आकड्यांच्या आधारे आणखी १,०२१ महसूल मंडळांना दुष्काळसदृश म्हणून सवलती द्याव्या लागल्या. शास्त्र तेच होते. मोजण्याचे एकक तालुक्यावरून मंडळावर आणताच संकटग्रस्तांची संख्या बदलली.

येथे सरासरीचे अर्थशास्त्र लक्षात घ्यावे. ज्या तालुक्याच्या एका भागात कालव्याचा ऊस उभा आहे आणि दुसऱ्या भागात कोरडवाहू कापूस करपतो आहे, त्याची सरासरी हिरवाई माफक दिसणारच. कालव्याकाठच्या बागाईतदाराची समृद्धी माथ्यावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दुःखावर अशी पांघरूण घालते. उत्पन्नाच्या राष्ट्रीय सरासरीबद्दल समाजवाद्यांनी जो आक्षेप नेहमी घेतला, तोच येथे हिरव्या रंगाला लागू पडतो. ज्या उपग्रहाला गुंठा दिसतो त्याच्या माहितीची बेरीज तालुक्यावर नेऊन का थांबवायची? हा तंत्राचा नव्हे, प्रशासनाचा निर्णय आहे.

शिवाय हिरवाई म्हणजे उत्पन्न नव्हे. २०१७ साली मराठवाडा-विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. झाडे हिरवीगार उभी होती, बोंडे आतून पोकळ होती. पाने पाहणाऱ्या डोळ्याला ती अळी कशी दिसावी? खरिपाच्या ऐन महिन्यांत आकाश ढगांनी झाकलेले असते. रडारचे उपग्रह ढगांपलीकडे पाहतात खरे, पण बोंडाच्या आत तेही पाहत नाहीत. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे घरही आकाशातून जसेच्या तसे दिसते. कुलूप लावलेल्या दाराची आणि शाळेतून नाव गळालेल्या मुलाची नोंद कोणत्याही निर्देशांकात होत नाही. जलयुक्त शिवारच्या कामांची छायाचित्रे स्थाननोंदीसह संगणकावर चढविली गेली होती. तरीही सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढविण्यात योजनेला फारसे यश आले नाही, असे महालेखापरीक्षकांना २०२० साली नमूद करावे लागले.

तर मग या विद्येकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. ती कोणाच्या हाती असावी, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेने १९८४ साली कायदा करून लँडसॅटच्या चित्रांचा व्यापार खासगी कंपनीकडे सोपविला. एका चित्राची किंमत हजारो डॉलरांवर गेली आणि गरीब देशांचे संशोधक दारातूनच परत फिरले. २००८ साली तीच चित्रे मोफत झाली आणि त्यांचा वापर अनेक पटींनी वाढला. करदात्याच्या पैशाने झालेले ज्ञान सार्वजनिक ठेवल्यास त्याचे मूल्य वाढते, याचा याहून स्वच्छ पुरावा कोठे मिळेल? आपल्याकडे पीक विम्याच्या व्यवहारात उपग्रहाचा आकडा शिरला आहे. तो आकडा विमा कंपनीला कळतो आणि विमाधारकाला कळत नाही, अशी स्थिती असेल तर तो करार दोन समान पक्षांमधला नव्हे.

म्हणून मागणी साधी असली पाहिजे. प्रत्येक ग्रामपंचायतीत त्या गावाचे, गटांच्या सीमा दाखविणारे उपग्रहचित्र दर पंधरवड्याला लागावे. दुष्काळाचा आणि विम्याचा निर्देशांक कसा काढला, तो गावनिहाय मराठीत जाहीर व्हावा. त्यावर ग्रामसभेला हरकत घेता यावी आणि हरकत आल्यास ठरलेल्या मुदतीत शेतात येऊन पंचनामा करणे तलाठ्यावर व कृषी सहायकावर बंधनकारक असावे. आणि ज्या चित्रात शेततळे दिसते, त्याच्या शेजारी विहिरींच्या पातळीचा तक्ताही टांगला जावा. यांतील एकाही गोष्टीसाठी नवा उपग्रह सोडावा लागत नाही.

१९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली. ती वरून कोणाला दिसली म्हणून आली नाही. कामावर उभ्या असलेल्या माणसांनी आणि त्यांच्या मोर्चांनी मागितली म्हणून तिचा १९७७ साली कायदा झाला. आज गुंठाभर जमीन आकाशातून दिसते. त्या गुंठ्याच्या धन्याला ते चित्र वाचता यावे आणि चुकीचे असेल तर खोडता यावे, यासाठीचा कायदा अजून व्हायचा आहे.