मृत्युदंड, तुरुंग आणि बाबासाहेबांची भूमिका
(मस्कत येथील भीमजयंती समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जयंतीच्या मंगल दिनी तुरुंग आणि फाशी हा विषय कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु पुणे करारामुळे येरवडा आणि धम्मदीक्षेमुळे नागपूर ही नावे आपल्या अंतःकरणात कोरली गेली आहेत. आणि महाराष्ट्रात फाशीची अंमलबजावणी होते तीही याच दोन ठिकाणच्या कारागृहांत. येरवड्यात २१ नोव्हेंबर २०१२ रोजी अजमल कसाबला, तर नागपुरात ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमनला फाशी देण्यात आली. दोन्ही वेळी राज्याच्या कारागृह विभागाच्या प्रमुख श्रीमती मीरा बोरवणकर होत्या. न्यायाधीश शिक्षा लिहून मोकळे होतात. दोराची चाचणी, कैद्याची तपासणी, फाशीच्या वेळची उपस्थिती हे सारे तुरुंगाच्या सेवकवर्गाच्या वाट्यास येते. कैद्याला माणसात आणण्यासाठी ज्यांची नेमणूक, त्यांच्याच हातून राज्यसंस्था प्राण घेते, ही विसंगती आपण ओळखली पाहिजे.

बाबासाहेबांनी ती ओळखली होती. फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा काय, या प्रश्नावर ३ जून १९४९ रोजी घटना समितीत चर्चा चालू होती. त्या वेळी त्यांनी सांगितले की, अशा तरतुदीपेक्षा मृत्युदंडच रद्द करणे आपणास अधिक पसंत आहे. लोक प्रत्यक्षात अहिंसा पाळत नसले तरी नैतिक आदर्श म्हणून ते तिला मानतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी अंगुलिमालाच्या परिवर्तनास स्थान दिले, तेही याच दृष्टीने पाहावे.

आता एक कठीण प्रश्न. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली, तेव्हा फाशीची मागणी करणाऱ्यांत आपणही होतो. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. समाजाचा संताप रास्त होता. परंतु आपल्यावरील खरा अन्याय कोणता? दोर निघाला हा, की या हत्याकांडामागील जात न्यायालयाने मान्यच केली नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही, हा? आमच्या मते दुसरा. जातीचे सत्य नाकारून दिलेली फाशीसुद्धा आपल्याला न्याय देऊ शकली नसती.

उलट बाजूही पाहा. २००३ सालच्या नाशिकच्या खटल्यात भटक्या जमातींतील सहा गरीब माणसांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष ठरविले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यांच्यातील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. तोवर तुरुंगात सोळा वर्षे गेली होती. मधल्या काळात फाशी झाली असती, तर ही भरपाई कोणाच्या हाती द्यावयाची होती?

तुरुंगाच्या भिंतीआडही मनू जिवंत होता. जातीनुसार सफाई व स्वयंपाकाची कामे वाटणारे कारागृह नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. पंच्याहत्तर वर्षांच्या प्रजासत्ताकात हे घडण्यास एवढा विलंब लागला!

आपण येथे दूरदेशी आहोत. आपण काय करावे? ओमानच्या वकील संघटनेने २०१२ साली ‘फक कुर्बा’ हा उपक्रम सुरू केला. देणी फेडता न आल्यामुळे तुरुंगात पडलेल्यांची सुटका लोकांच्या देणग्यांतून होते. दानपारमितेचे हे उदाहरण आपणास परके वाटू नये. आपला एखादा कामगार बंधू कायद्याच्या कचाट्यात सापडला, तर आपल्या वकिलातीस कळविण्याचा त्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने मान्य केला आहे, हे त्याला सांगणे आपले कर्तव्य आहे. आणि मायदेशात आपल्या वस्तीतील कच्च्या कैद्यास चांगला वकील मिळावा म्हणून आपल्या कमाईचा एक वाटा राखून ठेवू या.

सूड ही न्यायाची पूर्तता नव्हे. ज्यांनी शतकानुशतके शिक्षाच भोगली, त्यांनी शिक्षेचे नव्हे तर न्यायाचे राज्य मागावे, हीच बाबासाहेबांना खरी आदरांजली होय.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!