फॉर्मवर 'पुरुष', म्हणून टेस्टच गायब

आज घरून, वढू बुद्रुकहून बोलतोय. मागे ट्रॅक्टर ऐकू आला तर सांभाळून घ्या.

कॉलेजात मला एक वर्ष सीनियर असलेला एक मित्र आहे. ट्रान्स पुरुष. लहानपणी घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवलं, आता सगळ्या कागदांवर 'पुरुष'. तिशी लागली म्हणून ऑनलाइन हेल्थ चेकअप बुक करायला बसला. लिंग 'पुरुष' निवडलं आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची टेस्ट यादीतून गायब! खरं सांगू, मला लाज वाटली. असे फॉर्म मीच लिहितो ना. 'पुरुष असेल तर लपव', कोडची एक ओळ. पण त्याचं गर्भाशयमुख शरीरात आहेच, आणि एचपीव्हीचा विषाणू काही फॉर्म वाचत नाही.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्हीमुळेच होतो, पण व्हायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून आधी पकडता येतो. हे आपल्याकडेच दिसलंय. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला. 2009 साली निष्कर्ष आले. जिथे एकदाच एचपीव्ही टेस्टची सोय केली, त्या गावांत या कॅन्सरचे मृत्यू तपासणी नसलेल्या गावांच्या जवळपास निम्मे होते.

मग अडतं कुठे? स्त्रीरोगाच्या ओपीडीत दाढीवाला माणूस बसला की सगळे वळून बघतात. त्यात टेस्टोस्टेरॉन चालू असेल तर योनी कोरडी पडते, पॅप स्मिअर दुखतो. मग माणूस जायचंच टाळतो.

यावर उपाय म्हणजे स्वतः नमुना घेणं. बाथरूममध्ये स्वॅब योनीत घालायचा, थोडा फिरवायचा, नळीत ठेवून लॅबला द्यायचा. गर्भाशयमुखापर्यंत पोचावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सूचनांत ट्रान्स पुरुषही आहेत: तिशीपासून, दर 5 ते 10 वर्षांनी. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून, दर 3 ते 5 वर्षांनी.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. पण पुढची तपासणी डॉक्टरकडेच करावी लागते.

मित्राला एका डॉक्टर बाईंनी चिठ्ठी दिली, स्वॅब त्याने स्वतः घेतला. रिपोर्ट यायचाय. "पॉझिटिव्ह आला तर?" काल त्याने विचारलं. म्हटलं, "ओपीडीत शेजारी मी बसतो."

आणि फॉर्म लिहिणाऱ्या दोस्तांनो, लिंग विचारून थांबू नका. गर्भाशयमुख आहे का, ते विचारा. भेटू पुढच्या भागात.